'योग्य ती मदत द्यावी' म्हणजे नक्की काय करायचं?

पत्र असं आहे:

"मी पाचवीची क्लास टीचर आहे, वर्गात ४० मुलं. त्यातल्या एका मुलीच्या आईवडिलांनी परवा रिपोर्ट आणून दिला, त्यात तिला डीएलडी म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर आहे असं लिहिलंय. खरं सांगू का, मला पटलंच नाही. मुलगी शांत, अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं सगळं बिनचूक उतरवते, धडा मोठ्याने वाचायला सांगितला तर घडाघडा वाचते. फक्त पेपरात मार्क पडत नाहीत आणि काही विचारलं की गप्प. रिपोर्टच्या शेवटी 'वर्गात योग्य ती मदत द्यावी' एवढंच. योग्य ती म्हणजे कोणती? स्टाफरूममध्ये म्हणतात फार लाड करू नका, जग थांबणार नाहीये तिच्यासाठी. वडील म्हणतात घरची भाषा बंद करतो आणि अजून एक ट्यूशन लावतो. मी काय करू? – एक गोंधळलेली टीचर"

नमस्कार बाई,

तो रिपोर्ट न वाचताच माझ्या डोळ्यासमोर आला बघा. पानंच्या पानं टेस्टचे स्कोअर, मध्ये एखाद-दोन तक्ते आणि शेवटी ते एक वाक्य. मी स्वतः स्पीच थेरपिस्ट आहे म्हणून बोलायचा हक्क आहे मला, आमच्या फील्डला ही उंटावरून शेळ्या हाकायची सवयच आहे, आम्हाला कळेल असं लिहायचं आणि नेऊन द्यायचं ४० मुलं सांभाळणाऱ्या बाईंच्या हातात.

तर आधी डीएलडी काय ते थोडक्यात सांगते. बाकीची मुलं भाषा नुसती कानावर पडून उचलतात, या मुलांना ती तशी उचलता येत नाही. शब्द हळूहळू साठतात, साठले तरी हवे तेव्हा तोंडात येत नाहीत, लांब वाक्य ऐकलं की पहिला भाग लक्षात राहीपर्यंत दुसरा निसटतो. आणि याला ऐकू न येणं, ऑटिझम, मेंदूला इजा असलं दुसरं कारण सापडत नाही. (कानाची तपासणी झालीये ना तेवढं रिपोर्टमध्ये बघून घ्या, नसेल तर आधी ती.) अनेक घरांत हे पिढ्यांमधून आलेलं दिसतं, जीन्सचा भाग मोठा असतो, त्यामुळे आईने बोललं नाही किंवा टीव्ही जास्त दाखवला म्हणून झालं असं कोणी म्हणत असेल तर ते सोडून द्या. पूर्वी याला ढीगभर नावं होती, जो तो आपापलं नाव चालवायचा, मग डोरोथी बिशप नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकाराने सहा देशांतल्या ५७ जणांनी मिळून चर्चा केली आणि २०१७ मध्ये डीएलडी या नावावर बऱ्यापैकी एकमत झालं. म्हणजे नाव नवीन आहे हो, मुलं काही नवीन नाहीत, तुमच्या ट्रेनिंगच्या काळात यांना 'जरा मंद आहे' म्हणून मागच्या बाकावर बसवलं जायचं.

आता तुम्हाला पटलं नाही ते का. कारण ती जे छान करते त्यात अर्थ समजायची गरजच नाहीये! फळ्यावरचं उतरवायला डोळे आणि हात लागतात. मोठ्याने वाचायला अक्षरं जोडता आली की झालं. डीएलडीच्या बऱ्याच मुलांना डिस्लेक्सियाही असतो, ती वाचताना अडखळतात म्हणून कोणाच्या तरी लक्षात तरी येतात, पण काही मुलं तुमच्या मुलीसारखी, वाचन फर्स्ट क्लास आणि पान संपल्यावर विचारलं की काय होतं यात तर कोरी पाटी. एकदा करून बघा, एक परिच्छेद वाचून घ्या, पुस्तक मिटा आणि 'काय झालं ते सांग' म्हणा, 'समजलं का' असं नाही हं विचारायचं. त्यावर उत्तर 'हो' असंच येणार. नाही म्हटलं की सगळा वर्ग बघतो हे तिला पहिलीपासून माहितीये.

आणि शांत मुलगी असली की तर विचारूच नका. अमेरिकेत आयोवामध्ये बालवाडीच्या मुलांची मोठी पाहणी झाली होती, १९९७ ला छापून आली, त्यात ७ टक्क्यांच्या आसपास मुलांना ही अडचण निघाली, मुलगे ८ टक्के आणि मुली ६ टक्के, म्हणजे फार फरक नाही. पण त्या मुलांच्या आईवडिलांपैकी फक्त २९ टक्क्यांना आधी कोणीतरी तसं सांगितलं होतं. बाकीच्यांना पत्ताच नाही. नंतर इंग्लंडमध्ये एक पाहणी झाली २०१६ ची, तिथेही आकडा साधारण ७.५ टक्के. आता तुमच्या ४० मध्ये हिशोब करा, तीन होतात. एकीचा रिपोर्ट आला, उरलेली दोन कोण असतील याचा विचार जाता जाता करून ठेवा.

तर 'योग्य ती मदत'. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर मदत तिच्या वहीत घालायची नाहीये, तुमच्या बोलण्यात घालायचीये. जास्तीचा गृहपाठ नको, दहा वेळा लिहून आण नको. तुम्ही वर्गात जे बोलता ते जरा वेगळं बांधून बोलायचं. आणि रागावू नका, तुमच्या बोलण्यात खोट आहे असं नाही म्हणत मी, आपण सगळेच असे बोलतो.

नमुना बघा. "चला सगळ्यांनी वही काढा, पण त्याच्या आधी कालचा होमवर्क माझ्याकडे द्या आणि ज्यांचा झाला नसेल त्यांनी मागच्या पानावर तारीख टाकून ठेवा, पेन्सिलीने नको." असं आपण दिवसातून पन्नास वेळा बोलतो. यात तीन कामं आहेत, 'ज्यांचा' मध्ये एक अट आहे, 'आधी' मुळे जे दुसऱ्यांदा ऐकलं ते पहिलं करायचंय, आणि शेवटी पेन्सिलीने नको म्हटलंय पण मग कशाने ते सांगितलेलंच नाही. तुमची मुलगी काय करते माहितीये? शेजारणीच्या हाताकडे बघते. ती वही काढते तेव्हा ही काढते. म्हणून ती तुम्हाला 'नीट ऐकणारी' वाटते. तेच असं बोला: "होमवर्क माझ्याकडे द्या." थांबा, गोळा होऊ दे. "आता वही काढा." थांबा. "होमवर्क झाला नाही? मागच्या पानावर तारीख टाका. पेनाने." ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने सांगायचं, एका वेळी एक, आणि फळ्याच्या कोपऱ्यात १, २, ३ करून दोन-दोन शब्द लिहून ठेवायचे. बोललेलं हवेत विरतं, फळ्यावरचं राहतं. हळू, एकेक अक्षर ताणून किंवा मोठ्या आवाजात बोलायचं कारण नाही बरं का, तिचे कान ठणठणीत आहेत.

दुसरं म्हणजे थांबणं. मेरी बड रो नावाच्या एक संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या टेप तपासल्या तर निघालं काय की टीचर प्रश्न विचारून साधारण १ सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याकडे वळतात नाहीतर स्वतःच उत्तर देतात. नुसते ३ सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब यायला लागली आणि एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलायला लागली. ती साधी मुलं होती हं. आपल्या मुलीला आधी प्रश्न उलगडायचाय, मग उत्तर शोधायचंय, मग त्यासाठी शब्द शोधायचेत, मग ते ओळीत लावायचेत. तिच्यासाठी मनात दहा आकडे मोजा. फार लांब वाटतात ते दहा, वर्ग चुळबुळतो, पण मध्ये प्रश्न बदलून विचारू नका, नाहीतर बिचारीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याहून सोपी युक्ती म्हणजे तिला आधीच सांगून ठेवायचं, तास सुरू व्हायच्या आधी हळूच, "आज तिसरा प्रश्न तुला विचारणारे, हा बघ असा आहे." यात चीटिंग काही नाही. बाकीच्यांना तो वेळ डोक्यातल्या डोक्यात मिळतो, तिला तो असा द्यावा लागतो.

शब्दांचं काम मात्र नेटाने करावं लागतं, तिथे शॉर्टकट नाही. एका धड्यात वीस कठीण शब्द असले तर वीस शिकवू नका, तीन-चार निवडा. समजा बाष्पीभवन. नुसता अर्थ लिहून देऊन ती पाठ करेल आणि चार दिवसांनी गायब. शब्दाला दोन बाजूंनी पकडायचं, आवाजाने आणि अर्थाने. टाळ्या वाजवून तुकडे पाडा, बाष्-पी-भ-वन, पहिला आवाज कोणता, आणि हातानेच पाणी वर जातंय असा अभिनय. मग अर्थ: ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी जातं कुठे? फरशी पुसल्यावर पाच मिनिटांत कोरडी कशी? पाणी उकळावंच लागतं का? नाही. मग तिला तिच्या शब्दांत सांगायला लावा, मोडकंतोडकं चालेल. आणि खरं काम इथून पुढे, उद्या परत विचारायचं, तीन दिवसांनी परत, पुढच्या आठवड्यात परत. या मुलांना तोच शब्द बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटावा लागतो. आणि निवडताना फक्त धड्यातले भारी शब्द घेऊ नका, प्रश्नपत्रिकेतले घ्या! 'तुलना करा', 'कारणे द्या', 'परिणाम लिहा', 'क्रमाने मांडा'. हे प्रत्येक विषयात येतात आणि मुद्दाम कोणीच शिकवत नाही. तुलना करा म्हणजे दोन्हींबद्दल लिहायचं असतं, हेच माहीत नसलेली मुलं मी सातवीतसुद्धा बघितलीयेत, एकाबद्दल पान भरून लिहितात आणि शून्य मिळतं.

गणिताचं तुम्ही लिहिलं नाहीत पण मला पैजेवर सांगता येईल की आकडेमोड येते आणि शाब्दिक उदाहरणात गोची होते. हे घ्या: "रमाकडे १२ गोट्या आहेत. तिच्याकडे मीनापेक्षा ५ गोट्या जास्त आहेत. तर मीनाकडे किती?" ती १७ लिहील. अगं बेरीज का केलीस म्हटलं तर गप्प. तिने १२ पकडले, ५ पकडले, 'जास्त' पकडलं, आणि 'मीनापेक्षा' मधलं 'पेक्षा' सुटलं. आता हीच आणखी दहा उदाहरणं दिली तर दहाही अशीच चुकतील आणि तुम्ही म्हणाल गणित कच्चं. म्हणून आधी तिला नुसतं १२ वजा ५ द्या. पटकन ७ आलं ना? मग गणित येतंय, वाक्य अडतंय. आता कागदावर दोन पट्ट्या काढायला सांगा, एक रमाची, एक मीनाची. जास्त कोणाकडे? मग लांब पट्टी कोणाची? हे तोंडाने बोलून घ्या, "रमाकडे जास्त, मीनाकडे कमी," दोन्ही बाजूंनी, कारण एक बाजू बोलली की दुसरी आपोआप कळते हे आपल्याला वाटतं, तिला नाही. मग पट्टीवर १२ लिहायचे, जास्तीच्या तुकड्यावर ५, आणि उरलेला तुकडा ती स्वतः सांगते. मग त्याच चित्राकडे बोट दाखवून वाक्य फिरवा, "मीनाकडे रमापेक्षा ५ कमी." चित्र तेच, वाक्य वेगळं. महिनाभर नवं उदाहरण आलं की आधी पट्ट्या, मग आकडे. वेळ जातो, मान्य, पण उदाहरणं निम्मी द्या की.

ती बोलते तेव्हा काय करायचं? समजा ती म्हणाली "पुस्तक आणला नाही, भाऊने फाडलं." इथे 'भाऊने नाही, भावाने म्हण, परत म्हण' केलंत की ती पुढच्या वेळी नुसती मान हलवेल. त्याऐवजी तिचंच वाक्य नीट करून परत द्या, बोलण्याच्या ओघात, "अरेच्चा, भावाने फाडलं, म्हणून तू पुस्तक आणलं नाहीस होय." बस. तिच्याकडून म्हणवून घ्यायचं नाही. हे असं हजारदा कानावर पडतं तेव्हा कुठे बसतं.

एक गोष्ट जी रिपोर्टमध्ये सहसा नसते ती मैदानावरची. खेळाचे नियम पटापट ठरतात, जोक होतात, टोमणे असतात, ते सगळं हिच्या डोक्यावरून जातं, आणि भांडण झालं की दोघींना उभं करून आपण विचारतो कोणी सुरुवात केली, काय झालं सांग. समोरची मुलगी धडाधड आपली बाजू मांडते, ही रडते नाहीतर गप्प, आणि गप्प म्हणजे हिचीच चूक असं ठरतं. डीएलडीच्या मुलांना चिडवणं, त्रास देणं जास्त होतं ते यामुळेही, कारण त्यांना तक्रारच सांगता येत नाही. तेव्हा हिला बाजूला घेऊन कागदावर तीन चौकोन काढा, आधी काय, मग काय, मग काय, काड्यांची माणसं काढली तरी चालतील. आणि आधी हिचं ऐका, दुसरीचं नंतर, म्हणजे दुसरीची गोष्ट हिच्या तोंडात जाणार नाही.

परीक्षेबद्दल थोडक्यात. जेवढं तुमच्या हातात आहे तेवढं करा, युनिट टेस्ट तर तुमचीच असते. प्रश्न तिला वाचून दाखवा, थोडा जास्त वेळ, जमलं तर काही उत्तरं तोंडी घ्या. 'पुढीलपैकी कोणते विधान चूक नाही' असले प्रश्न कोणालाच देऊ नका, त्यात विज्ञान कळतं की नाही ते तपासलंच जात नाही. आणि विज्ञानाच्या पेपरात व्याकरणाचे मार्क कापू नका, भाषेच्या पेपरात जातातच आहेत ना.

स्टाफरूमचं. "जग थांबणार नाही तिच्यासाठी." बरं, पण तुम्ही यात लाड कुठला केलात? ती तेच बाष्पीभवन शिकतेय, तेच १२ वजा ५ करतेय, पोर्शन एका ओळीने कमी केलेला नाही. तिच्यापर्यंत तो पोचेल असं बोललात एवढंच. आणि ज्यांना हे लाड वाटतात त्यांना तुमच्या तासाला मागे बसायला सांगा, सूचना तुकड्यांत दिल्या की 'बाई काय करायचंय' विचारणाऱ्या बाकीच्या मुलांची कटकटही किती कमी होते ते बघू देत त्यांना.

आता वडील. यांना लवकर भेटा, कारण ते प्रेमापोटी नुकसान करून बसतील. दोन भाषांमुळे डीएलडी होत नाही आणि एक भाषा बंद केली म्हणून ते जातही नाही. दुसरी भाषा नवीन असलेल्या मुलाचे घोळ त्या नव्या भाषेत असतात, डीएलडीच्या मुलाला घरच्या भाषेतही अडतं, वडिलांनाच विचारा, घरीही ती 'ते... ते हे' करून हाताने दाखवते का, उशिरा बोलायला लागली होती का. घरची भाषा बंद केली तर ज्या भाषेत वडील मनापासून, भरभरून बोलू शकतात तीच गेली, मग उरलं काय, सूचना आणि अभ्यासाची चौकशी. त्यापेक्षा त्यांना काम द्या. पुढच्या आठवड्यात जो धडा येणारे तो आदल्या आठवड्यात कळवा आणि म्हणा, वाचून घेऊ नका, गोष्टीसारखा तुमच्या भाषेत सांगा. ती वर्गात येईल तेव्हा विषय ओळखीचा असेल, फक्त शब्द नवे असतील. ट्यूशनच्या ऐवजी तोच वेळ आणि पैसा थेरपीला द्या म्हणावं, कारण ट्यूशनमध्ये तेच पुन्हा तितक्याच वेगाने सांगणार, जे पहिल्यांदा कळलं नाही ते दुसऱ्यांदा का कळेल? आणि 'मेंदूला चालना' देणारे महागडे कॉम्प्युटर प्रोग्राम कोणी विकायला आलं तर घेऊ नका असंही सांगा, नीट चाचण्या झाल्या तेव्हा त्यातून भाषा सुधारल्याचं काही दिसलं नाही.

'हे कधी बरं होईल' असं ते विचारतील. खरं सांगा, पाचवीपर्यंत राहिलंय म्हणजे पूर्ण जाणार नाही, पण ती शिकत राहील, आणि स्वतःची पद्धत शोधेल. तिलाही सांगायला हवं, दहा वर्षांची आहे, तिला कळतं की आपलं काहीतरी वेगळं आहे, फक्त त्याला ती 'मी ढ आहे' असं नाव देऊन बसली असेल. थेरपिस्टच्या मदतीने सांगा की याला डीएलडी म्हणतात, खूप जणांना असतं, आणि न कळल्यावर 'परत सांगा, थोडं थोडं करून' म्हणायची तुला परवानगी आहे. आणि ती पहिल्यांदा जेव्हा तसं म्हणेल ना तेव्हा कितीही घाईत असलात तरी परत सांगा, पहिल्याच वेळी ओरडा बसला तर ती पुन्हा विचारणार नाही.

शेवटी दोन कामं. आईवडिलांची परवानगी घेऊन रिपोर्ट लिहिणाऱ्या थेरपिस्टला फोन करा आणि सरळ विचारा, तिला एका वेळी किती तुकड्यांची सूचना झेपते, कुठल्या प्रकारची वाक्यं कळत नाहीत, आणि थेरपीत सध्या कोणते शब्द चाललेत म्हणजे मी वर्गात तेच वापरीन. उत्तर देताना त्यांनी पुन्हा स्कोअर सांगायला सुरुवात केली तर अडवा खुशाल. आणि वर्ष संपताना सहावीच्या टीचरसाठी एक पान लिहून ठेवा, काय केल्याने जमलं, काय केल्याने ती बंद पडली, नमुन्याच्या एक-दोन सूचनांसकट, आणि ते त्यांच्या हातात द्या, फाइलला लावून ठेवू नका, कारण फाइल कोणी उघडत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.